मसाला आधी, अंडे शेवटी: भुर्जीच्या काही खान्देशी रीती

खान्देशात अंड्याची भुर्जी हा बहुधा वेळ निभावून नेण्याचा पदार्थ समजला जातो. भाजी संपली, पाहुणा अवेळी आला किंवा शेतातून परतायला रात्र झाली, की चार अंडी फोडली जातात. त्यामुळे ज्या घरात शेवभाजीच्या रश्श्यासाठी कांदा आणि सुके खोबरे निगुतीने भाजून पाट्यावर वाटले जाते, त्याच घरात भुर्जी मात्र कोरडी, चिवट आणि तिखट-मिठापलीकडे कसलीच चव नसलेली अशी ताटात येते. यात दोष सामग्रीचा नसतो, क्रमाचा असतो. भुर्जीची चव अंडे कढईत पडण्यापूर्वीच तयार व्हावी लागते. अंडे पडल्यानंतर ती फारशी वाढत नाही, बिघडू मात्र शकते. मसाल्याला दहा-पंधरा मिनिटे आणि अंड्याला दोन-तीन मिनिटे ही वाटणी एकदा अंगवळणी पडली, की पुढचे सगळे प्रकार सोपे होतात.

अंडी आणि कढई

जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा बाहेर ठेवलेली अंडी झपाट्याने शिळी होतात. अशा दिवसांत लागतील तेवढीच अंडी आणावीत किंवा फ्रीजमध्ये ठेवावीत, आणि शंका आल्यास अंडे पाण्यात सोडून पाहावे. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, जुने होत चाललेले अंडे उभे राहते आणि तरंगणारे अंडे टाकून द्यावे. प्रत्येक अंडे आधी लहान वाटीत फोडून मगच मोठ्या भांड्यात ओतण्याची सवय चांगली, कारण एका नासक्या अंड्याने बाकीची तीन वाया जातात.

गावरान अंड्याची चव अधिक चांगली असते असे आपल्याकडे ठामपणे मानले जाते. मोकळ्या अंगणात किडे, पाला आणि दाणे टिपणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक अधिक गडद असतो, हे खरे. पण तपकिरी कवच म्हणजे गावरान अंडे, ही समजूत चुकीची आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि शेडमध्ये वाढवलेल्या कोंबड्याही तपकिरी अंडी देतात. गावरान अंडे आकाराने लहान असते, म्हणून चार साध्या अंड्यांच्या जागी अशी पाच घ्यावीत. मात्र भुर्जीत मसाल्याचा जोर असल्यामुळे हा फरक बराचसा झाकला जातो. खात्रीची गावरान अंडी मिळालीच, तर ती साधी उकडून मिठाबरोबर खावीत, असे माझे मत आहे.

फेटलेल्या अंड्यांत मीठ केव्हा घालावे याचे उत्तर बहुतेक घरांत ‘शेवटी’ असे मिळते. प्रत्यक्षात अंडी फेटतानाच मीठ घालून ती दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवली, तर मिठामुळे अंड्यातील प्रथिने एकमेकांना फार घट्ट धरत नाहीत. शिजल्यावर ओलावा आत राहतो आणि भुर्जी मऊ होते. मीठ मिसळलेली अंडी थोडी पातळ आणि किंचित गडद दिसू लागतात, त्याची चिंता करू नये. कांदा परतायला लागतो तेवढाच हा वेळ असल्यामुळे वेगळे थांबावे लागत नाही.

दूध घालण्याविषयीही बोलले पाहिजे. चार अंड्यांना एक मोठा चमचा दूध किंवा साय चालते आणि सायीतील स्निग्धांशामुळे पोत थोडा मऊ होतो. पण भुर्जी वाढावी म्हणून अर्धी वाटी दूध ओतले, तर कडेने पाणी सुटते आणि चव पांचट होते. माणसे वाढली, तर कांदा वाढवावा, दूध वाढवू नये.

लोखंडी किंवा बिडाची कढई कांदा भाजण्यास उत्तम, कारण ती उष्णता धरून ठेवते. तीच गोष्ट अंड्याच्या बाबतीत मात्र अडचणीची ठरते: गॅस बंद केल्यावरही अंडे शिजतच राहते. शिवाय टोमॅटो किंवा आमचूर घातलेली भुर्जी लोखंडात फार वेळ राहिली, तर ती काळपट पडते आणि तिला लोखंडाची चव येते. म्हणून लोखंडी कढई वापरायची असल्यास भुर्जी थोडी ओली असतानाच ताटात किंवा स्टीलच्या पातेल्यात काढावी. खान्देशातील अनेक घरांत अंड्या-मटणाची भांडी निराळी असतात आणि तो स्वयंपाकही मागच्या अंगणात, चुलीवर होतो. तेथे बहुधा एखादी जुनी, जाड बुडाची ॲल्युमिनियमची कढई याच कामाला ठेवलेली असते. चुलीवर आच कमी करता येत नसली, तरी कढई उतरवता येते; अंडी टाकण्यापूर्वी दोन लाकडे मागे ओढावीत, म्हणजे पुरे.

पाया

पुढील सर्व प्रकारांना एकच पाया आहे, म्हणून तो नीट सांगतो. चार अंडी, दोन मध्यम कांदे, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, पाव चमचा हळद, अर्धा चमचा जिरे, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे तेल, पाऊण चमचा मीठ आणि मूठभर कोथिंबीर एवढे साहित्य दोघांना भाकरीबरोबर पुरते. मिठापैकी निम्मे अंड्यांत आणि निम्मे कांद्यात घालावे.

तेल तापल्यावर जिरे तडतडू द्यावे, मग ठेचलेला लसूण घालावा आणि त्याच्या कडा जेमतेम तांबूस होताच कांदा घालावा. लसूण काळा पडला, तर भुर्जीला कडवटपणा येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. कांद्यावर मीठ टाकले की तो पाणी सोडतो. हे पाणी आटेपर्यंत कांदा नुसता शिजत असतो, भाजत नसतो. पाणी आटून कढईतून येणारा आवाज बदलला, फसफसण्याच्या जागी कोरडी चरचर ऐकू येऊ लागली, की खऱ्या अर्थाने कांदा भाजायला लागतो. येथून पुढची चार-पाच मिनिटे सर्वांत मोलाची असतात आणि नेमकी हीच मिनिटे घाईत वगळली जातात. कांदा तांबूस, कडेला किंचित करपलेला आणि मूळच्या निम्म्याहून कमी झाला, म्हणजे मिरची व हळद घालून अर्धा मिनिट परतावे. हळद तेलात परतली गेली पाहिजे. वरून अंड्यात भुरभुरवलेली हळद कच्ची लागते.

आता आच मंद करून अंडी ओतावीत आणि दहा-बारा सेकंद हात आवरावा. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. कढईतील तेल मात्र याहून कितीतरी तापलेले असते, त्यामुळे मऊ आणि चिवट यांच्यात फक्त थोड्या सेकंदांचे अंतर उरते. कडेला फिकट पापुद्रा धरलेला दिसला, की उलथण्याने तो तळापासून खरवडून मध्यभागी आणावा, पुन्हा क्षणभर थांबावे, पुन्हा खरवडावे. गोळे मोठे हवे असल्यास कमी वेळा आणि बारीक हवे असल्यास सतत हलवावे. वरचा भाग अजून ओलसर चमकत असतानाच गॅस बंद करावा. उरलेले शिजणे कढईच्या उष्णतेने होते. भुर्जीतून पाणी सुटू लागले, तर प्रथिने फार आवळली गेली आणि त्यांनी आतले पाणी बाहेर पिळून टाकले असे समजावे. अंड्याला येणारा गंधकाचा उग्र वासही बहुतेक वेळा फार शिजवल्यानेच येतो, त्यामुळे तो घालवण्यासाठी अधिक मसाला घालणे हा उपाय नव्हे.

बसस्टँडबाहेरच्या गाडीवर अंडी फेटत नाहीत. ती थेट तापलेल्या मसाल्यावर फोडून दोन सराट्यांनी खटाखट तोडतात. त्यामुळे पांढऱ्या आणि पिवळ्या भागाचे वेगवेगळे कण राहतात आणि प्रत्येक घासाला चव थोडी बदलते. ही रीत घरीही करून पाहण्यासारखी आहे. फक्त मीठ सगळे मसाल्यात घालावे आणि आच थोडी मोठी ठेवावी.

तिखटपणा

भुर्जीत हिरव्या मिरचीचे तुकडे घालणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी चवीचा मार्ग आहे. मिरची प्रथम कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजावी, मग लसूण, जाडे मीठ आणि थोडे जिरे यांच्यासह खलबत्त्यात भरड ठेचावी. हा ठेचा एक ते दीड चमचा घेऊन कांद्यानंतर तेलात परतला, की भाजलेल्या मिरचीचा धुरकट वास पूर्ण भुर्जीत उतरतो. मिक्सरमधून काढलेला ठेचा एकजीव लगदा होतो आणि अंड्यात विरघळून जातो. खलबत्त्यातल्या ठेच्यात मिरचीच्या बिया आणि लसणाचे तुकडे दाताखाली येतात, आणि मऊ अंड्याला नेमके तेच हवे असते.

हिवाळ्यात याहून चांगली गोष्ट मिळते. नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली दिसते, तेव्हा वाळण्यापूर्वीचीच थोडी मिरची घरी आणून तिचा लसूण-मीठ घालून ठेचा करावा. ओल्या लाल मिरचीत तिखटाबरोबर गोडवा असतो आणि तिचा रंग अंड्यावर फार खुलतो. हा ठेचा तेलात फार परतू नये, मिनिटभर पुरे; जास्त परतल्यास गोडवा जाऊन नुसता जळजळीतपणा उरतो. वर्षभराच्या साठवणीचे लाल तिखट वापरणाऱ्यांनी ते गॅस मंद करून, दोन चमचे पाण्याच्या शिंपड्यासह घालावे, म्हणजे ते करपत नाही आणि तेलाला तर्रीसारखा रंग येतो.

काळा मसाला

भाजलेले सुके खोबरे, धणे, खसखस, लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र आणि दगडफूल यांचा घरी केलेला काळा मसाला प्रत्येक खान्देशी डब्यात असतो, पण तो बहुधा रश्श्यासाठी राखून ठेवला जातो. अंड्याला तो फार शोभतो, मात्र प्रमाण सांभाळले पाहिजे: चार अंड्यांना सपाट अर्धा चमचा. यापेक्षा अधिक घातल्यास दगडफुलाचा वास वर येतो आणि अंडे हरवते. काळ्या मसाल्यात तिखट असतेच, म्हणून या प्रकारात हिरवी मिरची एकच घ्यावी किंवा वगळावी.

वाटणाची भुर्जी हा याचाच पुढचा टप्पा होय. एक कांदा सालीसकट निखाऱ्यावर किंवा थेट गॅसवर काळा होईपर्यंत भाजून सोलावा. सुक्या खोबऱ्याचा दोन बोटे लांबीचा तुकडाही असाच भाजून घ्यावा. दोन्ही लसूण-आल्यासह अगदी कमी पाण्यात वाटावेत. हे वाटण परतलेल्या कांद्यात घालून तेल सुटेपर्यंत परतावे. तेल सुटणे ही येथे अट आहे, कारण वाटणात पाणी राहिले, तर अंडी त्यात उकडतात आणि भुर्जीऐवजी गाळ होतो. वाटण तेलाने चकाकू लागले, की काळा मसाला, मग अंडी. ही भुर्जी रंगाने तपकिरी होते, दिसायला फारशी देखणी नसते, पण भाकरीबरोबर तिच्यापुढे दुसरी कुठलीही टिकत नाही.

आंबटपणा

अंड्यात स्वतःचा आंबटपणा मुळीच नसतो, त्यामुळे तिखट आणि तेल कितीही चांगले असले, तरी आंबटाशिवाय भुर्जी जड वाटते. टोमॅटो हा नेहमीचा उपाय आहे. तो वापरायचा, तर बिया आणि रस काढून, पूर्ण शिजवून, तेल सुटल्यावरच पुढे जावे. चार अंड्यांना एक लहान टोमॅटो पुरेसा होतो.

मला स्वतःला टोमॅटोपेक्षा आमचूर अधिक पसंत आहे. सातपुड्यात, अक्कलकुवा आणि धडगाव परिसरात, आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, काप करून उन्हात वाळवतात आणि तो आमचूर नंदुरबारच्या बाजारातून सगळीकडे जातो. पाव चमचा आमचूर पूड भुर्जी उतरवताना घातली, तर पाण्याचा एक थेंबही न वाढता आंबटपणा मिळतो, जे टोमॅटोला साधत नाही. वाळलेले कापच घरात असतील, तर दोन काप गरम पाण्यात भिजवून, बारीक चिरून कांद्याबरोबर परतावेत. मग मधूनच एखादा आंबट तुकडा दाताखाली येतो. चैत्रात ताजी कैरी किसून घालावी, पण तीही अगदी शेवटी आणि मूठभरच. लिंबू पिळायचे असल्यास ताटात पिळावे, कढईत नाही.

शेंगदाणे, शेव, बिबडी

भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट दोन चमचे घातला, तर भुर्जीला दाटपणा येतो आणि सुटलेले थोडे पाणीही तो शोषून घेतो. कूट फार बारीक असल्यास अंडी पिठूळ लागतात. अख्खे शेंगदाणे तेलात आधी तळून बाजूला काढावेत आणि वरून पेरावेत, ही रीत भरितावरून घेतलेली आहे.

जाड तिखट शेव ताटात वाढल्यावरच वरून घालावी. कढईत घातलेली शेव मिनिटात ओलावा पिऊन फुगते आणि भुर्जी कोरडी करते. शेवेला मीठ-तिखट भरपूर असते, हे लक्षात ठेवून अंड्यातले मीठ कमी करावे. ज्वारीची बिबडी, म्हणजे पापडासारखे वाळवण, भाजून, हाताने चुरून वर टाकली, तर तिच्यातील तीळ आणि लसूण यांची चव निराळीच लागते. मुलांना हा प्रकार विशेष आवडतो, कारण तो कुरकुरीत असतो. चीज घातलेली भुर्जी आजकाल शहरांतल्या गाड्यांवर मागितली जाते. तिच्याविषयी एवढेच म्हणता येईल की चीजमुळे मीठ आणि चिकटपणा वाढतो, चव वाढतेच असे नाही.

पाला आणि पात

हिवाळ्यातील लसणाची पात अंड्याची सर्वांत चांगली सोबतीण आहे. वाटीभर पात बारीक चिरून, तिचा पांढरा भाग कांद्याबरोबर आणि हिरवा भाग अंडी अर्धवट घट्ट झाल्यावर घालावा. अशा भुर्जीत काळा मसाला, आमचूर, कूट यांतले काहीही घालू नये, फक्त हिरवी मिरची आणि मीठ. कांद्याच्या पातीलाही हाच नियम लागू होतो. मेथी घालायची, तर ती आधी परतून तिचे पाणी आटवावे आणि तिच्या कडवटपणाला चिमूटभर गूळ द्यावा. पालक फार पाणी सोडतो, म्हणून तो टाळलेला बरा.

भरितातली अंडी

जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यावल तालुक्यातील बामणोदसारख्या गावांची ही मोठी, हिरवी-पांढरट वांगी थंडीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली जातात, सोलून बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचली जातात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, सुके खोबरे व कांद्याची पात घालून त्यांचे भरीत होते. भरिताच्या जेवणावळीनंतर घरी वाटी-दोन वाट्या भरीत उरतेच, आणि दुसऱ्या दिवशी ते अंड्यात वापरण्याइतका चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

अर्धी वाटी भरीत चार अंड्यांना पुरते. कढईत चमचाभर तेल तापवून भरीत पसरावे आणि हलवत न बसता तळाशी किंचित लागू द्यावे, म्हणजे त्यातील ओलावा कमी होतो आणि जाळाचा वास पुन्हा जागा होतो. नंतर तीन-चार ठिकाणी खळगे करून प्रत्येकात एक अंडे फोडावे, पांढरा भाग धरू लागला की सगळे एकत्र कालवावे आणि लगेच उतरवावे. भरितात मीठ, मिरची, तेल सर्व आधीच असल्यामुळे वेगळे काही घालण्याची गरज पडत नाही. अंड्यांपुरते मीठ चिमटीने घालावे. एखाद्याला अंडी कालवायची नसतील, तर झाकण ठेवून ती तशीच अखंड शिजवावीत. कुठल्याही भाजीवर अशी अंडी फोडण्याची पद्धत पारशी स्वयंपाकात रूढ आहे. तेथे भेंडी, बटाटा, टोमॅटो अशा भाज्यांवर अंडी शिजवली जातात. आपल्या घट्ट पिठल्यावर मात्र हा प्रयोग करू नये, तो दोन्ही पदार्थ बिघडवतो.

शेजारच्या रीती

पारशी लोकांची अकुरी म्हणजे ओलसर ठेवलेली भुर्जीच: कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो, कोथिंबीर आणि अंडी पूर्ण घट्ट होण्याआधीच उतरवण्याचे धैर्य. सुरतच्या अंड्याच्या गाड्यांवरचा ‘घोटाळा’ याहून वेगळा आहे. त्यात उकडून किसलेली अंडी लसणाच्या पातीच्या रसदार मसाल्यात शिजवतात आणि वरून अर्धवट तळलेले अंडे त्यातच मोडून कालवतात. एकाच पदार्थात अंड्याचे दोन पोत येतात. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या नवापूर-नंदुरबारकडच्या माणसाला हा प्रकार नवा नाही. घरी करताना तीन अंडी उकडावीत आणि एक अर्धे तळावे. मसाल्यात या वेळी अर्धी वाटी गरम पाणी मुद्दाम घालावे. काळा मसाला घालून केलेला घोटाळा पावाबरोबर अतिशय चांगला लागतो.

हॉटेलच्या न्याहारीत मिळणारी मऊ स्क्रॅम्बल्ड अंडी लोण्यावर, अगदी मंद आचेवर, आठ-दहा मिनिटे सतत हलवून करतात. त्यांत आपला लसूण-ठेचा मिसळू नये. ताटाच्या कडेला वाढावा.

अंडी अशी ओली ठेवण्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातील पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कोंबडीपालन केंद्रांत आढळला आणि त्यानंतर तेथील मोठ्या प्रमाणावरील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हे या भागातील लोक विसरलेले नाहीत. अशी साथ आसपास असताना अंडे पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवावे. ७० अंशांवर तो विषाणू टिकत नाही. एरवीसुद्धा लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी ओली भुर्जी करू नये, आणि तडकलेल्या किंवा घाण लागलेल्या कवचाचे अंडे अशा प्रकारांसाठी वापरू नये. पूर्ण शिजवूनही मऊपणा राखायचा असेल, तर आधी सांगितलेले मीठ आणि मंद आच यांचाच आधार घ्यावा.

कशाबरोबर आणि किती

ज्वारी व सालासकट उडीद दळून केलेल्या कळण्याच्या पिठात मीठ आधीच असते, म्हणून कळण्याच्या भाकरीबरोबर वाढायच्या भुर्जीत मीठ नेहमीपेक्षा चतकोर कमी घालावे. बाजरीच्या भाकरीबरोबर वाटणाची किंवा काळ्या मसाल्याची भुर्जी, ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेच्याची, पोळीबरोबर पातीची आणि पावाबरोबर टोमॅटोची, अशी जोडी मला जमलेली वाटते. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळाव्यात आणि माणसे ताटावर बसल्यावरच अंडी कढईत टाकावीत, कारण भाकरी दहा मिनिटे थांबू शकते, भुर्जी थांबू शकत नाही.

आठ-दहा माणसांसाठी करताना मसाला सगळा एकदम करावा, अंडी मात्र एकदम टाकू नयेत. वीस अंडी एका कढईत पडली, की कढई गार होते, खालचा थर शिजून चिवट होतो आणि वरचा कच्चाच राहतो. मसाल्याचे चार भाग करून प्रत्येकात पाच-पाच अंडी अशा चार फेऱ्या केल्या, तर एका फेरीला तीन मिनिटेच लागतात.

उरलेली भुर्जी उन्हाळ्यात एका तासापेक्षा अधिक बाहेर ठेवू नये. फ्रीजमधून काढून ती पुन्हा कढईत गरम केली, तर हमखास चिवट होते, म्हणून तिला सरळ आच देऊ नये. शिळ्या भाकरीचा कुस्करा करावा, त्याला लसूण, मोहरी व कढीपत्त्याची फोडणी द्यावी, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे, आणि वाफ धरल्यावर भुर्जी त्यात मिसळून झाकणाखालीच तीन-चार मिनिटे चांगली वाफेपर्यंत गरम होऊ द्यावी.